लहान पोरांना गोड खाऊ द्यायचा की नाही? आमच्या घरात रोज यावरून वाद

रंकाळ्याकाठची | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

माझी लेक सव्वातीन वर्षांची. सासू-सासरे, दीर आणि आम्ही दोघं, असं एकत्र घर आहे. गेल्या बुधवारी तिचे दात घासताना वरच्या पुढच्या दोन दातांवर, अगदी हिरडीलगत, तपकिरी डाग दिसले. दवाखान्यात नेलं. पुढचे दोन्ही किडलेत आणि मागच्या एका दाढेला खड्डा पडलाय. कीड आत दाढेच्या नसेला पोचली असेल तर वरची नस काढून स्टीलची टोपी बसवावी लागेल म्हणाले. सव्वातीन वर्षांच्या पोरीला! मी तिथंच खुर्चीत बसून रडले.

घरी आले आणि सांगून टाकलं, आजपासून पोरीला गोड बंद. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. सासूबाई म्हणतात, "आम्ही चार पोरं वाढवली, एकाची दाढ किडली नाही." सासरे रोज संध्याकाळी तिला रंकाळ्यावर फिरवून आणतात, येताना तिच्या मुठीत काहीतरी असतंच. लिमलेटची गोळी, राजगिऱ्याचा लाडू, कधी म्हातारीचे केस. दीर कामावरून येताना चॉकलेट आणतो. शेजारच्या काकू तिला बघितलं की साखर-खोबरं देतात. देवळातनं आलेला पेढा वेगळाच. कुणालाच नाही म्हणता येत नाही, कारण सगळे मायेनं देतात हे मलाही दिसतं. काल पोरीनं आजोबांच्या खिशात हात घातला, तो रिकामा निघाला, तर म्हातारा माणूस तिकडं तोंड करून उभा राहिला. मला फार वाईट वाटलं, पण ती दाढ आठवली की पुन्हा संताप येतो.

पूर्ण बंद करणं बरोबर आहे का? तुमच्या घरी काय करता?

शिवाजीपेठेतली_आज्जी | सोमवार, रात्री ११:४८

बाळ, रडू नगंस. पोरीची दाढ हुईल बरी.

तुझी सासू खोटं बोलत न्हाई. आमच्या पोरांच्या दाढा किडल्या न्हाईत, पण त्याचं कारण येगळं हाय. आमी गोड देत होतो म्हणून न्हवं, आमच्याकडं गोड नव्हतंच म्हणून. साखर रेशनवर मोजून मिळायची, ती पाहुण्याच्या च्यासाठी डब्यात वर ठेवलेली. पोरांना गोड म्हंजे सणाला. संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला गळ्यात साखरेची गाठी, शिमग्याला पोळी, नवरात्रात कडाकणी. आणि बाजारादिवशी मामंजी येताना चुरमुऱ्याच्या पुड्यात चार बत्तासे टाकून आणायचे. आठवडाभर पोरं त्या वाराची वाट बघायची. आता रोजच बाजार आणि रोजच सण झालाय. तुझ्या सासूला एवढंच सांग, भांडू नगंस. तिला आठवंल.

गुळव्याचा_नातू | मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, उपाय सोपा आहे. साखर घराबाहेर काढा आणि गूळ आणा. आपण कोल्हापूरची माणसं. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपलीच पोरं कारखान्याची चॉकलेटं चघळत फिरतात.

आमच्या आजोबांचं नाव करवीर तालुक्यात गुळव्या म्हणून होतं. हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळावरच मुक्काम. काहिलीत रस चढला की रानभेंडीचं पाणी सोडायचं, मळी वर यायची, ती झाऱ्यानं काढत राहायची. पाक झाला की नाही ते आजोबा थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून सांगायचे, एका नजरेत. आम्हा पोरांना उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून मिळायचा. त्या चवीवर मी वाढलोय, माझे दात धड आहेत.

फक्त पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. रंग उजळायला हायड्रॉस पावडर मारतात, काही ठिकाणी रसात साखरच ओततात. गडद तपकिरी, जरा मऊसर गूळ घ्या. पोरीला रोज एक खडा द्या, काही होत नाही.

दाताची_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:३०

मी लहान मुलांचे दात बघते, कोल्हापुरातच. तुमची लेक मी तपासलेली नाही, म्हणून उपचारांबद्दल बोलणार नाही. पण तुमच्या लिहिण्यातल्या एका गोष्टीवर अडले. कीड वरच्या पुढच्या दातांना, हिरडीलगत. खालचे पुढचे दात चांगले आहेत का?

तीन प्रश्न विचारते, घरातल्या सगळ्यांना विचारून उत्तरं द्या. एक, ती रात्री झोपताना बाटलीनं दूध पिते का, आणि त्यात काय घालता? दोन, दिवसभरात तोंडात गोड किती वेळा जातं? किती जातं ते नंतर बघू, आधी किती वेळा ते मोजा. तीन, दात कोण घासतं?

गुळव्यादादा, तुमच्या आजोबांच्या कसबाबद्दल आदर आहे. पण दातातल्या जंतूंना गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. गुळात बहुतांश साखरच असते, लोह आणि बाकीचे क्षार असतात ते थोडे, आणि एका खड्यातून अंगी लागतील इतके नव्हेत. शिवाय गूळ चिकट, दाढेच्या खाचेत बसून राहतो. जागतिक आरोग्य संघटना तर मध आणि फळांचा रससुद्धा याच साखरेत मोजते. मधाचं आणखी एक सांगते, वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही मध चाटवायचा नाही. बाळगुटी मधात उगाळायची आपल्याकडे रीत आहे, ती मोडायला हवी. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, ते तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजले तर तयार होणाऱ्या विषानं बाळ लुळं पडतं.

गुळव्याचा_नातू | मंगळवार, दुपारी ३:१२

मॅडम, वाचून जरा लागलं. पण मग आम्ही सगळे रोज गूळ खाऊन कसे धड राहिलो?

दाताची_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ४:०१

"रोज" म्हणजे केव्हा खात होता ते आठवा. गुऱ्हाळावर एकदा खाल्लात, वर ऊस सोलून चावलात, भाकरी खाल्लीत, पाणी प्यायलात. घरी जेवताना काकवी-भाकरी किंवा गूळ-शेंगदाणे. दिवसातनं एकदा-दोनदा, आणि तेही जेवणात.

गोड खाल्लं की जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली उतरला की दाताचं कवच विरघळायला लागतं. मग लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेलं कॅल्शियम परत दातात भरते. त्याला साधारण अर्धा तास, कधी जास्त लागतो. एक आख्खा पेढा एका बैठकीत खाल्ला तर हल्ला एक. तोच पेढा चिमूट चिमूट करून सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिला तर हल्ले दहा, आणि लाळेला सावरायला वेळच नाही. म्हणून किती वेळा ते आधी विचारलं.

हे स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात एका प्रयोगात दिसलं. विपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना वर्षानुवर्षं मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडवले. त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. वाचताना अंगावर काटा येतो, त्या माणसांचा तो भोग विसरता कामा नये. त्यातून निघालं ते असं, जेवणात घेतलेल्या साखरेनं कीड फार वाढली नाही, पण दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट गोडानं भरमसाट वाढली. पुढं स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची पद्धत पडली. शिवाजी पेठेतल्या आज्जींचा बाजारादिवशीचा बत्तासा म्हणजे हेच.

शिवाजीपेठेतली_आज्जी | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

आमचा बाजार ऐतवारी असायचा, एवढाच फरक. पण त्या बिचाऱ्यांचं वाचून जीव कसनुसा झाला.

तालमीतला | मंगळवार, रात्री ९:१५

पोरांना एवढं जपून चालत नाही. खेळू द्या, पळू द्या, साखर जिरते. आमच्या तालमीत बारा-बारा वर्षांची पोरं पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतात. थंडाई पितात, बदाम-खडीसाखर खातात, तुपातला शिरा खातात. कुणाला काही झालेलं नाही.

बालवाडीताई | मंगळवार, रात्री ९:५०

तालमीतले दादा, तुमची पोरं बारा वर्षांची आणि हजार बैठका मारणारी. इथं विषय तीन वर्षांच्या मुलीचा आहे. आणि घाम कितीही गाळला तरी दातावर बसलेलं गोड जिरत नाही.

मी बावीस वर्षं बालवाडी चालवते. माझ्याकडे तीस मुलं आहेत, म्हणजे वर्षात तीस वाढदिवस, आणि प्रत्येकाला चॉकलेट. त्यात पंधरा ऑगस्टची जिलेबी, सव्वीस जानेवारीची बुंदी, स्नेहसंमेलनाचं चॉकलेट. हे सगळं घरच्या गोडाच्या वरचं. चार वर्षांपूर्वी मी पालकांची सभा घेतली आणि वाढदिवसाचं चॉकलेट बंद केलं. काही पालक रागावले, एक आई तर "माझ्या एकुलत्या एका पोराची हौस तुम्ही मारता" म्हणून भर सभेत रडली. आता वाढदिवसाच्या मुलानं त्या दिवशी घंटा वाजवायची, सगळ्यांत पुढं बसायचं आणि गोष्ट कुठली ते त्यानं निवडायचं. खरं सांगते, मुलं चॉकलेट चार दिवसांत विसरली. घंटेसाठी मात्र महिनाभर आधीपासून दिवस मोजतात.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. "भाजी संपवलीस तर चॉकलेट", "रडू नकोस, गोळी देते" हे थांबवा. मुलाला कळतं ते एवढंच की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. माझ्या वर्गात पडून गुडघा फुटला तरी आधी "गोळी?" असं विचारणारी मुलं आहेत. रडणाऱ्या मुलाला मांडीवर घ्या, गप्प करायला गोड देऊ नका.

उद्यमनगरकर | बुधवार, सकाळी ८:३०

गोड खाल्लं की पोरं उधळतात, रात्री झोपत नाहीत, आमच्याकडे रोजचा अनुभव आहे. त्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही.

आकडेमोड | बुधवार, सकाळी १०:४०

उद्यमनगरकर, ते तपासून झालंय. काही मुलांना साखर आणि काहींना तशीच गोड लागणारी दुसरी वस्तू दिली, आणि कुणाला काय दिलं ते मुलांना, पालकांना, बघणाऱ्यांना सांगितलं नाही. अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा १९९५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. साखरेनं वागण्यात फरक पडलेला दिसला नाही. आपल्याला गोड आठवतं ते वाढदिवसात, लग्नात, जत्रेत. तिथं पोरं तशीही उधळलेलीच असतात.

माझी काळजी वेगळी आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून साखर रेशनवर होती, ते रेशन १९५३ च्या सप्टेंबरात उठलं. उठल्याबरोबर मोठ्या माणसांचं साखरेचं खाणं दिवसाला सुमारे ४० ग्रॅमवरून ८० च्या आसपास गेलं. म्हणजे काही महिन्यांच्या फरकानं जन्मलेली दोन प्रकारची मुलं झाली, एकांची गर्भातली नि पहिली दोन वर्षं कमी साखरेत गेली, दुसऱ्यांची जास्त साखरेत. ती मुलं म्हातारी झाल्यावर संशोधकांनी त्यांच्या नोंदी तपासल्या, २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रेशनमध्ये वाढलेल्यांना टाइप टू मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी, रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी.

मी चौतीस वर्षांचा आहे, मला मधुमेह आहे. वडिलांना आहे, चुलत्यांना आहे. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत बाळाच्या वरच्या आहारात साखर घालू नका असं स्पष्ट लिहिलंय, आम्ही ते पाळतो. उष्टावणाला खिरीत साखर घातली नाही. खजूर शिजवून, कुस्करून घातला, चमचाभर. नातेवाईक बोलले. मी पायावरचा इन्सुलिनचा डाग दाखवला, मग गप्प झाले.

पुण्याला_गेलेला | बुधवार, दुपारी १:२५

दुसरी बाजू मांडतो, कारण मी त्यातनं गेलोय.

माझी आई फार कडक. घरात गोड शून्य. बिस्कीटसुद्धा कुलपात. वाढदिवसाला गेलो तरी "केक नको म्हणायचं" अशी ताकीद. झालं काय, तर मी सहावीपासून राजारामपुरीतल्या मित्राच्या घरी जाऊन साखरेचा डबा चमच्यानं खायचो. वहीसाठी दिलेल्या पैशांची मिठाई घेऊन बोळात उभं राहून संपवायचो, घशाखाली उतरेना तरी. हॉस्टेलला गेलो आणि पहिल्या वर्षात अकरा किलो वाढलो. आजही घरात कुणी नसेल तर माझा हात आपोआप डब्याकडं जातो, आणि खाताना दाराकडं लक्ष असतं. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे.

आईवर राग नाही, तिच्या वडिलांचा पाय मधुमेहानं कापला होता, ती घाबरलेली होती. पण समोर दिसतंय आणि मिळत नाही, असं केलं की मुलाचं सगळं मन त्याच वस्तूभोवती फिरायला लागतं. १९९९ मध्ये अमेरिकेत मुलांवर असाच एक अभ्यास झाला होता. एक खाऊ समोर ठेवून अडवला, आणि अडवल्यावर मुलं त्याच्याबद्दल जास्त बोलायला आणि तोच जास्त मागायला लागली. मला अभ्यासाची गरज नव्हती.

रंकाळ्याकाठच्या ताई, दाढेसाठी जे करायचं ते करा. पण आजोबांचा खिसा कायमचा रिकामा करू नका. त्यात काय असावं एवढं बदला.

दाताची_डॉक्टर | बुधवार, दुपारी ३:००

पुण्याचे दादा, तुम्ही लिहिलंत ते मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला वाचून दाखवीन. चालेल ना?

आकडेमोड यांच्या लिहिण्यात थोडी भर. ब्रिटनमध्ये साखर नव्हतीच असं नाही, बेतात होती, आणि घरातल्या सगळ्यांसाठी बेतात होती. पोराला बंदी आणि बाप समोर बसून जिलेबी खातोय, असं तिथं नव्हतं.

ताई, माझी तीन उत्तरं राहिली आहेत.

रंकाळ्याकाठची | गुरुवार, रात्री १२:३५

मला दोन दिवस लिहिवत नव्हतं.

मॅडम, खालचे दात चांगले आहेत. आणि हो, ती बाटलीनं दूध पिते. रात्री झोपताना एक, पहाटे पाचला उठली की दुसरी. मीच देते. दूध नुसतं प्यायची नाही म्हणून दीड वर्षाची असल्यापासून मी त्यात दोन चमचे साखर आणि दोन चमचे ताकदीची पावडर घालते. जाहिरातीत उंची वाढते म्हणतात, पोरगी जरा बारीक आहे, म्हणून घालत आले. बाटली तोंडात ठेवूनच झोपते. मी नोकरीवरून दमून आलेली असते, ती झोपली की मला जग जिंकल्यासारखं वाटायचं.

आज पावडरीच्या डब्यावरचं बारीक अक्षर पहिल्यांदा वाचलं. १०० ग्रॅममागे तीस ग्रॅमच्या वर साखर. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजलं. दोन चमचे साखर १० ग्रॅम, दोन चमचे पावडरीतली ६ ग्रॅम. एका बाटलीत १६, दोन बाटल्यांत ३२. आजोबांची लिमलेटची गोळी काट्यावर ५ ग्रॅमही भरली नाही.

आठवडाभर मी त्या माणसाशी बोलले नाही. आज रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती. सासरे काही बोलले नाहीत, ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "तू एकटी न्हवंस गं, दुपारची बाटली मीच देते. साखर घालून."

म्हणजे बाटल्या तीन.

दाताची_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ९:१०

ताई, स्वतःला खाऊ नका. माझ्या खुर्चीत बसलेल्या दहातल्या कितीतरी आया हेच सांगतात आणि सगळ्याच जीव लावणाऱ्या असतात. बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. झोपेत लाळ कमी होते, धुवून काढायला कुणी नाही. खालचे दात जिभेखाली झाकलेले राहतात, म्हणून ते वाचतात. तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच ते दिसत होतं, पण तुमच्या तोंडून येणं गरजेचं होतं.

प्रमाण कळावं म्हणून सांगते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१६ मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं, दोन वर्षांच्या आत मुळीच नाही. तुमच्या लेकीचं ते सगळं बाटलीतच संपत होतं, खाऊ त्याच्या वर. त्या पावडरींचं म्हणाल तर २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरातून काढायला सांगितलंच आहे.

आता करायचं काय. बाटली एकदम हिसकावू नका. साखर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, पावडर तशीच उतरवा. तिच्या जिभेला पत्ता लागायच्या आत नुसतं दूध होईल. मग बाटली जाऊन पेला. दूध झोपायच्या अर्धा तास आधी, मग दात, मग फक्त पाणी. दात तुम्ही घासायचे, तिनं नाही, सहा-सात वर्षांची होईपर्यंत. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. आणि महिन्यातनं एकदा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात असते, तिथं थांबवता येते. तपकिरी व्हायची वाट बघू नका. सर्दी-तापाची गोड औषधं रात्री दिली तरी वर पाणी पाजा.

दुधाचे दात पडणारच, म्हणून सोडून द्या असं कुणी सांगेल. मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत राहतात. तेवढी वर्षं तिला त्यांनीच चावायचंय.

तालमीतला | गुरुवार, सकाळी ११:४०

ताई, परवा मी फटकळ लिहिलं, माफ करा. बाटलीचं मला माहीत नव्हतं. माझा पोरगा दोन वर्षांचा आहे, त्याच्याही बाटलीत खडीसाखर असते. आज बायकोला हा धागा वाचून दाखवला.

पोरीला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन जा संध्याकाळी. म्हशी समोर पिळतात, फेसाळ दूध बघून पोरं खूश होतात. पण पाजायचं ते घरी आणून तापवूनच. आमच्या पोराला म्हशीचं नाव घेतलं की दूध आठवतं.

गुळव्याचा_नातू | गुरुवार, दुपारी १२:२०

मॅडम, तुमचं पटलं. रोज एक खडा म्हणालो होतो ते मागं घेतो. पण ताई, हंगाम चालू आहे. आमचं गुऱ्हाळ गगनबावडा रस्त्याच्या बाजूला आहे. एक दिवस पोरीला, सासू-सासऱ्यांना घेऊन या, जेवायलाच या. गूळ जेवणाबरोबर खाऊ, नंतर चूळ भरू.

रंकाळ्याकाठची | रविवार, रात्री ९:४५ (सतरा दिवसांनी)

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांसाठी.

बाटली सुटली. साखर उतरवायला अकरा दिवस लागले, तिला खरंच कळलं नाही. बाटली काढल्यावर मात्र तीन रात्री गोंधळ. पहिल्या रात्री दीड तास रडली, मीही रडले, दीर उठून तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरला. चौथ्या रात्री स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आली. आता दूध "कट्ट्यावरच्या काळ्या म्हशीचं" असतं. पॅकेटमधलं असलं तरी.

आजोबांचा खिसा चालू आहे. त्यात आता भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कधी बोरं असतात. फुटाणे, शेंगदाणे कुटून देतो, अख्खा दाणा घशात अडकायची भीती असते. पहिल्या दिवशी तिनं पुडी उघडून "गोळी?" विचारलं. आजोबा म्हणाले, "गोळी ऐतवारी." ती दोन दिवस रुसली. आता रोज सकाळी उठली की आज ऐतवार का विचारते. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऐतवाराला खडूनं पिवळा ठिपका केलाय. शेजारच्या काकूंना मी सांगायच्या आत सासूबाईच सांगून आल्या, काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण काकू आता खोबरं नुसतंच देतात.

आज आम्ही सगळे गुऱ्हाळावर गेलो होतो. गुळव्यादादा, तुमच्या घरच्यांनी केलेलं आदरातिथ्य जन्मात विसरणार नाही. पिठलं-भाकरी, खर्डा, आणि पोरीच्या हातात उसाच्या कांडक्यावर गरम गूळ. दोन्ही गालांना फासून खाल्ला तिनं. मी एकदाही थांबवलं नाही. सासरे काहिलीजवळ उभे राहून लहानपणचं सांगत होते, इतकं बोलताना मी त्यांना सहा वर्षांत बघितलं नव्हतं. जेवण झाल्यावर सासूबाईंनी तिला हौदावर नेऊन चूळ भरायला लावली, मांडीवर आडवं घेतलं आणि मोबाइलच्या उजेडात तिचा ओठ उचलून दात बघितले.

येत्या गुरुवारी दाढेला टोपी बसवायची आहे. नस वरवर गेली आहे, मुळापर्यंत नाही. हिरडी बधिर करणार आहेत. कुणाचं मूल यातनं गेलं असेल तर तिला आधी काय सांगायचं ते लिहा.

मंगळवारपेठची_आई | रविवार, रात्री १०:३०

माझ्या मुलाची झाली आहे, साडेतीन वर्षांचा असताना. "सुई" आणि "दुखणार नाही" हे दोन्ही शब्द घरात काढू नका. "दाढ थोडा वेळ झोपणार आहे, मग तिला चांदीची टोपी घालणार" एवढं सांगा. जवळचं खेळणं बरोबर न्या, आणि आत जाताना घाई करू नका.

झाल्यावर दोन-तीन तास ओठ आणि गाल बधिर असतात. गंमत वाटते म्हणून मुलं ओठ चावत बसतात, आमच्या पोरानं चावून रक्त काढलं होतं. तेवढा वेळ जेवायला देऊ नका, मांडीवर घेऊन बसा आणि तोंडाकडं लक्ष ठेवा. आजोबांनाही बरोबर न्या.